गणपतीखालचा फ्रीझर

मुळगाव,
विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी

तीर्थरूप शिवदासदादास सुमंगलाचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? सरस्वतीवहिनीचा खोकला थांबला का? मोप्याच्या सड्यावर वारा फार, कानाला फडकं बांधून बसत जा. इकडे मी सोडून सगळी मजेत आहेत. मी जिवंत आहे, एवढंच.

यंदा घराण्याचा गणपती पहिल्यांदाच आमच्या नव्या घरी बसायचा होता. तो पुढेही आमच्याकडे ठेवायचा की परत थोरल्या घरी न्यायचा, हे ठरवणार सत्यवतीआते. ह्यांच्या या आतेला तू ओळखतोसच. श्रावणात भिंतीवरच्या कॅलेंडरात होडी दिसली तरी त्या ते उलटं करून ठेवतात, कारण होडी आली की मासळी आली. अशा बाईंपुढे माझी परीक्षा होती, आणि सुताराने आयत्या वेळी चौरंगच दिला नाही. मग ह्यांच्या डोक्यात तो फ्रीझर आला. डिचोलीच्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून ह्यांनी उचलून आणलेला तो पेटारा स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून बाहेरच्या सालात, बैठकीच्या खोलीतच मुक्काम ठोकून होता. आदल्या संध्याकाळी तू आणि ह्यांनी त्यावर फळी टाकली, माझा शालू पसरला, वर फळाफुलांची माटोळी बांधली. मी आत चवथीच्या गोड नेवऱ्या तळत होते. बाहेर येऊन बघते तर आते खूश होऊन मान डोलावताहेत आणि तुझी स्कूटर फाटकाबाहेर गेलेली!

दादा, आता ऐक. त्या पेटाऱ्याच्या तळाशी, बर्फाच्या पिशव्यांखाली, माझ्या स्टीलच्या डब्यात अख्खी इसवण मासळी होती, तुकडे करून ठेवलेली. चवथ उलटली की नुस्त्याचे भाव कुठे जातात तुला ठाऊक आहे, म्हणून मी श्रावणाआधीच घेऊन ठेवली होती. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण घरात माशाचं खवलंसुद्धा नाही, असं मीच आतेंना छातीठोकपणे सांगून बसले होते. म्हटलं, दीड दिवसाचा तर गणपती, झाकण बंद, आत बर्फ, कोणाला काय कळतंय?

सकाळी मूर्ती बसली, आरती झाली, टाळ थांबले, आणि मला ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाही. फ्रीझरची घरघर बंद!

ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं (फ्रीझरचं, माशाचं नव्हे). हे सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकचं इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखतात, पण इथे आवाजच नव्हता. आधी म्हणाले व्होल्टेज कमी असेल. गोवा राज्य झालं तरी आपल्या वाड्यावरची वीज अजून संघप्रदेशातच आहे. मग गुडघे टेकून त्यांनी शालूवरून पेटाऱ्याला कान लावला. दर्शनाला आलेल्या मंडळींना वाटलं ही इथली रीत, म्हणून तीही ओळीने वाकून कान लावून गेली. शेजारच्या मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, भिंतीपासून ओढून मागचं बघायला हवं, नाहीतर झाकण उघडा. बसलेला देव उत्तरपूजेआधी हलवणार कोण? मी मनातल्या मनात तास मोजत होते, तेवढ्यात आतेंनी जाहीर केलं की त्यांचा जुना नवस आहे, गणपती पाच दिवस राहील. मी धूपदाणी शोधायला गेले.

पाचही दिवस मला वास येत होता, झोपेतसुद्धा. मी धूप जाळला, कापूर जाळला, अगरबत्त्यांचे पुडेच्या पुडे संपवले. आते माझी वाहवा करत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, 'इतली भक्त सून म्हज्या जल्मांत पळोवंक ना!' आणि मला रडू यायचं. देवाखाली मी काय ठेवलंय, या विचाराने घास उतरत नव्हता रे.

काल विसर्जन करून आलो. ह्यांनी पेटारा ओढला, तर त्याची पिन जमिनीवर लोळत होती आणि तिच्या जागी खोचली होती रोषणाईच्या माळेची. मी देवाचं नाव घेऊन झाकण उघडलं. आत पुसून लख्ख, कोपऱ्यात लिंबाच्या दोन फोडी. मासा नाही, डबा नाही. मी तळ हाताने चाचपला. आते दारातून म्हणाल्या, 'तुज्या भावान आदल्या सांजेर नुस्तें काडून व्हेलें. तुका सांगूंक ना?'

मासा तू आदल्या संध्याकाळीच नेलास, हे तेव्हा माटोळीचं सामान आणायला गेलेले; तुला वाटलं आते सांगतील, त्यांना वाटलं तू सांगशील, आणि मध्ये मी पाच दिवस धुरात! तुला चार शिव्या द्याव्यात म्हणूनच लिहायला बसले होते. पण तू होतास म्हणून माझी लाज राहिली. गणपती यापुढे आमच्याकडेच बसणार.

तुझी,
सुमंगला

ता. क. आसनही तेच राहणार. 'देवाचें आसन जालां तें, हाचे फुडें तातूंत नुस्तें घालूंक फावना,' असा मासळीबंदीचा आतेंचा हुकूम आहे. फ्रीझर मस्त चालतोय आणि आत नुसतं पाणी गारठतंय. तेव्हा माझा डबा लगेच पाठव, आणि रिकामा पाठवू नकोस.

ता. क. पुन्हा : आतेंनी आत्ताच खांद्यावरून सगळं वाचलं. त्या म्हणतात, डोक्याचा तुकडा त्यांचा.