पन्हळीचे तोंड

आलमबाग, लखनौ
६ मे २०२५

ती. ताईस,
दीनानाथचा शि. सा. न. वि. वि.

गेल्या वीस दिवसांत माझ्या हातून झालेल्या वस्तू अशा: जुन्या खोक्यांच्या फळ्यांचा एक मांडव, सहा फूट उंच, छपराला पंचेचाळीस अंशांचा उतार, त्याच्या खाली बांबूची एक चौकट, तिला तिन्ही बाजूंनी गोणपाट, ते दिवसातून तीनदा ओले करायचे, चौदा कुंड्या हलवायला चाकांची एक पाटी, आणि गच्चीच्या कडेला पत्र्याची नवी पन्हळ, जिचे तोंड मी स्वतः वाकवून वाफ्याकडे वळवले आहे. एकही खिळा दुसऱ्याने ठोकलेला नाही.

कारण सांगतो. आपली गच्ची दोन पावसाळे गळते आहे. परवापासून जुना कोबा फोडून नवा घालायचा. फोडलेला मलबा खाली टाकायला जागा एकच, पश्चिमेची भिंत. आणि त्या भिंतीच्या पायाशी माझी जास्वंद आहे. तुझ्या मिरजेच्या अंगणातल्या पांढऱ्या जास्वंदीवर मी इथल्या तांबड्या दुहेरीचे पराग लावले होते, ती. बत्तीस बिया रुजल्या, त्यातली ही एक. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा फुलली. सकाळी सायीचा रंग, दुपारी पिकल्या पपईचा, आत वांगी रंगाचा डोळा. अशी दुसरी कुठे नाही. सुहासिनी फेब्रुवारीत म्हणाली होती की दोन काड्या कापून लावून ठेवा. मी म्हटले, वर्ष भरल्याशिवाय झाडाला चाकू लावायचा नाही. तेव्हा आज जगात हे एकच झाड. जमिनीत आहे, हलवले तर मुळे तुटतील.

लोक प्लास्टिक गुंडाळतात. त्रेचाळीस अंशांत प्लास्टिक म्हणजे झाड उकडणे. म्हणून गोणपाट. मांडवाची परीक्षाही घेतली. गच्चीवरून, म्हणजे अकरा फुटांवरून, अर्धी वीट टाकली. फळी दचकली, झाड नाही. अनुष्काने विचारले की पापा, हा पौधा आहे की व्हीआयपी. तिला मराठीत प्रश्न विचारलास तरी उत्तर हिंदीतच येईल, ते तू मनावर घेऊ नको.

गजेंद्र मिस्त्री माणूस बरा, पण सल्ले देतो. पन्हळीचे तोंड नालीकडे वळवा म्हणाला. मी त्याला सांगितले की तुझे काम थापी, तोंड कुठे असावे ते मी पाहीन. मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत मी हेल्पर म्हणून लागलो आणि ड्रॉइंग पुस्तकांतून शिकलो. आज इंजिनियर लोक जोडणीचे मला विचारायला येतात. गच्चीचे पाणी वाफ्याला मिळावे, थेंब वाया जाऊ नये, एवढे मला समजते.

एक गंमत. गोमतीनगरात नर्सरी असलेले निगम एप्रिलमध्ये झाड बघायला आले आणि त्यांनी आकडा सांगितला. मी नाही म्हटले. आकडा लिहीत नाही. सुहासिनीलाही सांगितलेला नाही, गच्चीचा खर्च समोर असताना उगाच विषय नको.

तुझी माया पाठीशी राहू दे.
दीनानाथ


मिरज
१४ मे २०२५

चि. दीनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात मला वाटले की तू घरावर छप्पर घालतो आहेस, दुसऱ्यात कळले की झाडावर घालतो आहेस. सुहासिनी आणि अनुष्का गळक्या गच्चीखाली दोन पावसाळे बसल्या, त्यांना मांडव नव्हता, ही नोंद करून ठेव.

आकडा लिहीत नाही म्हणजे काय? बहिणीला अर्धी गोष्ट सांगायची तुझी सवय शाळेपासूनची. नापास झालास तेव्हाही गुण सांगितलेस, विषय सांगितला नाहीस. पुढच्या पत्रात आकडा हवा.

आता माझे. तुला मी कळवले नव्हते. अंगणातली पांढरी जास्वंद गेल्या वर्षी गटाराच्या खोदकामात गेली. मी देवळात गेले होते, परत येईपर्यंत मुळासकट ट्रॉलीत होती. तिचे रक्त आता तुझ्या त्या एकाच झाडात उरले आहे. पाऊस लागला की मला एक कलम करून दे. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेले नाही, तेव्हा हे लक्षात राहील.

मिस्त्र्याशी जरा गोडीने बोलत जा. काम करणाऱ्या माणसाला दिवसभर वरून खालचे दिसत असते.

सर्वांना आशीर्वाद, तुला थोडे कमी.
ताई


आलमबाग
६ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर उशिरा, कारण मी दिवसभर झाडापाशीच असतो. तुझे झाड गेले हे वाचून मी कलमाची तारीखही ठरवली होती, पाच जुलै.

मलब्याचे सहा दिवस पार पडले. मी रजा घेऊन खाली उभा होतो. मांडवावर साठ-सत्तर ढेकळे आपटली, झाडावर कपचीही नाही. नवा कोबा झाला. मग मी हट्टाने पाणी कोंडायला लावले. सात दिवस, दोन इंच, गच्ची चोवीस बाय सव्वीस फूट, म्हणजे एकोणतीसशे लिटरच्या वर. गजेंद्र म्हणाला तीन दिवस पुष्कळ. मी म्हटले सात. थेंब गळला नाही. एकतीस मेला पाणी सोडले.

दोन तारखेला खालची पाने पिवळी दिसली. शिरा हिरव्या, बाकी पिवळे. चारला शेंडे माना टाकू लागले. काल सकाळी तेवीस पाने खाली पडलेली मोजली. वाफ्याच्या मातीवर पांढरी साय वाळली आहे. सिमेंट आहे ते. मी बोट लावून पाहिले.

वाफ्याशेजारी नळ आहे. गजेंद्र तिथे घमेली धुतो, हे मी दोनदा पाहिले होते. मी त्याला त्याच्या चार माणसांसमोर विचारले की सल्ला ऐकला नाही म्हणून सूड घेतलास का. त्याने थापी खाली ठेवली. एवढेच म्हणाला की बाबूजी, मी मलिहाबादचा, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आंब्याची कलमे बांधतात, झाडाच्या मुळाशी आम्ही थुंकतही नाही. आणि निघून गेला. माणसेही गेली. कठडा आणि गच्ची जुळते तिथला सिमेंटचा गोलसर सांधा, गोला म्हणतात तो, व्हायचा राहिला आहे, नेमका स्वयंपाकघरावर. पाऊस पंधरा दिवसांवर आहे.

मी दिवसातून चार वेळा झाडाला पाणी घालतो. गच्चीच्या टाकीतले, गच्चीवर सोडून पन्हळीतून, हळूहळू. तरी उतार नाही. तुझ्या कलमाचे आता काही सांगू शकत नाही.

दीनानाथ


आलमबाग
९ जून २०२५

ती. वन्संना,
सुहासिनीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी अमीनाबादला जाते सांगून बाहेर पडले आणि पोस्टात उभी राहून लिहिते आहे. यांना सांगू नका.

वन्सं, गजेंद्रने काही केलेले नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळे पाहिले. तो घमेली धुतो ते पाणी उताराने थेट नालीत जाते. वाफ्यात पडले ते गच्चीवरचे पाणी. नव्या सिमेंटवर सात दिवस बसलेले पाणी यांनी स्वतः कॉक उघडून, पन्हळीतून, झाडाच्या मुळाशी सोडले. वर हसत मला म्हणाले की बघ, एक थेंब वाया गेला नाही. गजेंद्रने दोनदा हात जोडून सांगितले होते की बाबूजी, पहली बारिश तक मुँह नाली में रखिए. आणि आता दिवसातून चार वेळा टाकीचे पाणी पुन्हा त्याच गच्चीवरून सोडताहेत, ओंजळ ओंजळ.

मी सांगायला गेले तर म्हणाले, तुला सिमेंटमधले काय कळते. खरे आहे, कळत नाही. मला पिवळे पान कळते. फेब्रुवारीत काड्या लावा म्हणाले, तेव्हाही झाड कळत होते.

जेवत नाहीत. मांडवाखाली स्टूल टाकून बसतात. एवढा माणूस फळ्यांखाली वाकून बसलेला पाहवत नाही, आणि रागही जात नाही. तुमचे ते ऐकतात. पण मी कळवले असे दिसू देऊ नका, नाहीतर झाडाचे राहील बाजूला.

आणि तो निगमांचा आकडा. निगमांच्या पत्नी माझ्याबरोबर भजनाला असतात. मला एप्रिलपासून ठाऊक आहे. हे सांगतील तेव्हा सांगोत.

तुमचा जीव आमच्यात आहे, तो असाच राहावा.
सुहासिनी


मिरज
१४ जून २०२५

चि. दीनास,
आशीर्वाद.

स्पीड पोस्टने पाठवते आहे, पैसे जास्त गेले. टोमणे पुढच्या वेळी.

तुझ्या पत्रात सगळ्याची मापे आहेत. मांडवाचा उतार आहे, विटेची उंची आहे, गच्चीवर किती लिटर पाणी होते तेही आहे. एकच लिहिलेले नाही. एकतीस मेला ते पाणी सोडलेस, ते पडले कुठे?

वळचणीला आमची तुळस होती. स्लॅब टाकला त्या वर्षी अशीच पिवळी पडून गेली. मी तेव्हा शेजारच्या मुलांना दोष दिला होता. ती मुले आता मोठी झाली आहेत, अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

झाडाला पाणी घालणे आधी थांबव. मग विचार कर.

ताई


आलमबाग
२६ जून २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाणी वाफ्यात पडले, ताई. माझ्या पन्हळीतून.

तुझे पत्र एकोणीसला आले. मी गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतून रात्रभर राहू दिले, सकाळी पन्हळीखाली बादली धरली. शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानातून पाण्यातला क्षार पाहायच्या पट्ट्या आणल्या होत्या. बादलीत बुडवली ती शेवटच्या रंगाच्याही पुढे गेली, इतका नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला होता. नळाच्या पाण्यात दुसरी बुडवली, ती ठीक. मग मी एकतीस मेपासूनचा हिशेब मांडला नाही. मांडायचे काही नव्हते.

गजेंद्र पारा भागात राहतो. तीनदा घर चुकलो. त्याच्या बायकोने गूळ आणि पाणी ठेवले. मी ते संपवले. मी उभा राहून सांगितले की चूक माझी होती आणि जे चार माणसांसमोर बोललो ते परत घ्यायलाही मी त्या चौघांसमोर येईन. तो म्हणाला ते नंतर, आधी सांगा की नखाने साल खरवडली तर आत हिरवे आहे का. मला ठाऊक नव्हते. मी पाने मोजत बसलो होतो, साल खरवडली नव्हती.

तो त्याच पावली माझ्या स्कूटरवर बसून आला. बुंधा तपकिरी झाला होता. वरच्या तीन फांद्यांत हिरवे होते. मुळे वाचणार नाहीत म्हणाला, फांद्या वाचतील तर आजच. मलिहाबादहून त्याचे काका आले, वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांना जाड काच. मी माझी धारेची सुरी पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट पाहून परत दिली आणि स्वतःची काढली. तोवर सरी सुरू झाल्या होत्या. कलम बांधायला गावठी तांबड्या जास्वंदीचे मुळांसकट सात खुंट गजेंद्रनेच शेजारच्या गल्लीतून आणले होते. सहा कलमे काकांनी बांधली. माझे काम छत्री धरणे. सातवे मी मागून घेतले. काकांनी माझी गाठ बघितली आणि आपली सुरी पुसून ठेवली.

चार माणसे दुसऱ्या दिवशी आली तेव्हा त्यांच्यासमोर बोललो. एकजण हसला. गजेंद्रने गोला पुरा केला, पन्हळीचे तोंड पकडीने वाकवून नालीकडे वळवले आणि मला विचारले की ठीक आहे ना, बाबूजी. मी ठीक म्हटले.

सात कुंड्या जिन्याखाली आहेत. प्रत्येकीवर क्रमांक घातला आहे. तीन आठवड्यांत कळेल. तुला कसे सुचले ते विचारत नाही.

दीनानाथ


आलमबाग
२० ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पहिले कलम सहाव्या दिवशी काळे पडले, ते क्रमांक सातचे होते. मग तीन, मग एक आणि चार एकाच दिवशी. सहाने एक पान काढले आणि सोडून दिले. आज दोन आणि पाच जिवंत आहेत. दोनला कळी आहे. जुने झाड दोन ऑगस्टला मी उपटले. मुळे हातात चुऱ्यासारखी आली.

गच्ची कोरडी आहे. परवा चार तास पाऊस कोसळला, सुहासिनीने स्वयंपाकघरात सवयीने पातेले मांडले होते, ते रिकामे राहिले. मांडव मोडून फळ्यांचे गजेंद्रकडच्या शेळीला छप्पर केले. उतार तोच ठेवला.

वाफ्याची माती अजून पट्टी निळी करते. वर्षभर तिथे काही लावता येणार नाही. म्हणून क्रमांक दोन मी दसऱ्याच्या रजेत मिरजेला घेऊन येतो, मांडीवर. क्रमांक पाच गजेंद्रच्या अंगणात राहील. तो आता त्याचाच आहे, मी सांगून टाकले. पुढच्या पावसाळ्यात तुम्हा दोघांपैकी कोणी एक काडी दिली तर मी माझ्याकडे लावीन.

परवा निगम पुन्हा आले. त्यांना कुठूनसे कळले होते. दोन्ही कुंड्या हव्यात म्हणाले, आणि एप्रिलमध्ये होती तीच अट. त्यांच्या नर्सरीबाहेर या झाडाची काडीही कुठे असता कामा नये, मिरजेत नाही आणि पाऱ्यातही नाही. मग त्यांनी विचारले की कलमे किती सफाईने बांधली आहेत, तुम्हीच बांधलीत ना. मी काकांचे नाव आणि गाव सांगितले.

आज सकाळी सुहासिनीला आकडा सांगितला. मला वाटले होते रागावेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता अच्छा म्हणाली, आणि विचारले की मिरजेला जाताना कुंडीला गोणपाट बांधणार की नाही.

कळी उमलेपर्यंत तुझ्या आशीर्वादाची गरज आहे, नंतरही.

दीनानाथ

ता. क. तू विचारलेला आकडा राहिला. निगमांनी दोन्ही वेळा तोच सांगितला आणि मी दोन्ही वेळा नाही म्हटले. पंच्याऐंशी हजार रुपये.