मुकादमाने चव बघितल्याशिवाय

ता. ३ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दवाखान्याच्या जिन्यात तू मला एक वाक्य बोलली होतीस. ताई, तिला नुसतं जेवूखाऊ घाल, बाकीचं मी बरी झाले की बघेन. ठकू तेव्हा तीन वर्षांची, माझ्या खांद्यावर झोपलेली. तुझ्या फुप्फुसांच्या दुखण्यामुळे तुला लेकीला जवळही घेता येत नव्हतं, म्हणून तू चार पायऱ्या खाली उभी राहून तोंडाला फडकं लावून बोललीस. दुखणं इतकं लांबेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एक ऑपरेशन झालं, मग दुसरं झालं, आणि माझ्याकडे ठकूचे दुधाचे दात पडायला लागले.

आता तू ठणठणीत बरी आहेस, कामावर रुजू झाली आहेस आणि लेक तुझ्याजवळ आहे. हे असंच व्हायला हवं होतं. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी घातलेली अट मी पाळते आहे. पहिलं सत्र संपेपर्यंत मी यायचं नाही, फोनही करायचा नाही. माझा आवाज ऐकला की ती संध्याकाळभर हमसून रडते, हे मला कळलं तेव्हाच मी फोन उचलून कपाटावर ठेवला. हे पत्रही मुद्दाम तुझ्या प्रयोगशाळेच्या पत्त्यावर पाठवते. घरी आलं तर पाकिटावरचं अक्षर ती ओळखेल.

तू विचारलंस की ती दोन घासांवर उठते, तर माझ्याकडे खायची तरी काय. अगं, काही खास नाही. दिवसभर शिलाई मशीनवर बसणारी बाई किती रांधणार? एका पातेल्यातला भात: कांदा तेलात परतायचा, गाजर, वाटाणे, धुतलेले तांदूळ, दुप्पट पाणी, मीठ, झाकण. भाज्यांचं सूप: बटाटा, टोमॅटो, भोपळा, जे घरात असेल ते चिरून शिजवायचं, घोटायचं, वरून लोण्याचा लहानसा गोळा. बस. तू कामावरून आल्यावर कपडे बदलेपर्यंत होईल.

ठकूच्या बाबांना आशीर्वाद सांग. त्यांची लांब पल्ल्याची बस सुखरूप जावो यावो.

तुझी खुशाली कळवत जा, एवढंच मागते.

तुझी,
ताई

ता. १२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भात केला, सूपही केलं. तू हसशील, पण मी सगळं वजन करून घेतलं. प्रयोगशाळेत दिवसभर रक्ताचे थेंब मोजणारे हात अंदाजाने काही घालायला तयार होत नाहीत. ठकूचे बाबा म्हणाले की आता सूपाचा रिपोर्टही देऊन टाक. त्यांनी तीन वाट्या संपवल्या आणि चौथ्यांदा भांडं पुसून घेतलं.

ठकूने तीन चमचे खाल्ले. मग वाटी सरळ समोर सरकवली, पोट भरलं म्हणाली. हट्ट नाही, रडणं नाही. पाहुण्यांकडे गेलेलं गुणी मूल जसं वागतं तशी ती आमच्याकडे वागते. सकाळी स्वतःचं अंथरूण घडी करून ठेवते. ताई, मला ते बघवत नाही.

आणखी एक सांगते, तिच्या बाबांनाही बोलले नाही. ती मला कुठल्याच नावाने हाक मारत नाही. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहते आणि मी वळून बघेपर्यंत वाट बघते. परवा मी नळाशी भांडी घासत होते, ती किती वेळ मागे उभी होती देव जाणे. चपलेचा पट्टा तुटला होता, एवढंच सांगायचं होतं तिला.

आणखी काही लिही. गोड काही, डब्यात देता येईल असं. ओव्हन घेतला आहे, पण मला त्याची भीती वाटते. ठकूला तर मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतही येऊ देत नाही. एकीकडे गॅस, एकीकडे तो ओव्हन, आणि मी घड्याळाकडे बघत पळणारी.

तुझी माया आहे म्हणून हे सगळं लिहू शकते. ती राहू दे.

तुझी,
धाकटी

ता. १८ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सूपाचं वजन केलंस हे वाचून इतकी हसले की सुई बोटात गेली. गिऱ्हाईक म्हणालं की काय झालं. मी म्हटलं, माझी बहीण भोपळ्याचं रक्त तपासते.

तर आता केक. दोन पिकलेली केळी, काळी पडलेली असली तर उत्तम, काट्याने कुस्करायची. दोन अंडी, अर्धी वाटी तेल, पाऊण वाटी साखर, दीड वाटी मैदा, चमचाभर बेकिंग पावडर. सगळं एकाच भांड्यात. फार फेटू नकोस, पीठ चिवट होतं. भांड्याला तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये ठेव, आणि सुरी खुपसून कोरडी निघाली की काढ. ओव्हनला भिऊ नकोस, तो बिचारा एका जागी बसून असतो.

पावाचं तर त्याहून सोपं. मैदा, मीठ, चिमूटभर यीस्ट आणि पाणी चमच्यानेच कालवायचं, झाकून ठेवून झोपून जायचं. मळायची गरज नाही. सकाळी पीठ दुप्पट झालेलं असतं. जाड बुडाच्या झाकणाच्या पातेल्यात घालून भाजायचं. रविवारी दोन केलेस तर आठवड्यातले बरेचसे डबे सुटतील.

हाक मारण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. ती मला मावशी म्हणते, ते तू तिला पाळण्यात शिकवलंस म्हणून. आई हा शब्द तिने तुझ्यासाठी ठेवलेला आहे, दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. एवढं मी खात्रीने सांगू शकते.

प्रकृतीला जप. भाजताना खिडकी उघडी ठेव, धूर छातीत जाऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. २९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

केक फुलला. पावही झाला, शेजारच्या आजींनी मागून नेला. ठकूने केकचा एक तुकडा मोडला, वास घेतला आणि ताटलीत परत ठेवला. म्हणाली, छान आहे. तिचं वजन उतरलं आहे. शाळेतला डबा तसाच परत येतो.

काल समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की महिनाभरात फरक पडला नाही, तर तिला पुन्हा मावशीकडे ठेवण्याचा विचार करावा, मुलीच्या जिवापेक्षा काही मोठं नाही. ठकूचे बाबा मान खाली घालून बसले होते. बाईंना जे बोलायचं होतं ते तुला सांगते. एकदा दिली ती मरणाच्या दारात होते म्हणून. पुन्हा दिली तर ती मला परत मिळणार नाही, ती पाहुणी म्हणूनच येत राहील.

म्हणून स्पष्ट विचारते. तू काही लिहायचं राखून ठेवलं आहेस का? एखादी वस्तू, एखादा मसाला, काहीतरी असणारच. तू सांगतेस ते सगळं मी तंतोतंत करते, आणि ते माझ्या घरात तेच राहत नाही. रागावू नकोस. रागावलीस तरी उत्तर लिही.

धाकटी

ता. ६ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग आला, मग गेला. तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट लिहिलं असतं.

पण तुझ्यापासून एक गोष्ट लपवत नाही. बाई तिला परत पाठवायचं म्हणतात हे वाचलं आणि मी उठून ठकूची गादी माळ्यावरून काढली, गच्चीत उन्हात टाकली. उशीला नवा अभ्रा शिवायला बेतला. त्या दुपारी मी गिऱ्हाइकांशी गाणं म्हटल्यासारखी बोलत होते.

संध्याकाळी सूप करायला घेतलं. म्हटलं, बघू तरी मी काय राखून ठेवलं आहे. तुला लिहिलं होतं तसंच, ओळीने, केलं. काही सुटलेलं नव्हतं. मग शेवटी माझ्या हाताने आपसूक एक चमचा सूप बशीत काढलं, त्यावर फुंकर घातली, बशी ओट्याच्या कडेला ठेवली आणि मी बाजूला होऊन उभी राहिले. उभीच राहिले. कुणाची वाट बघते आहे हे कळायला मला वेळ लागला.

धाकटे, माझ्याकडे ठकू जेवायला बसायची नाही, ती आधी कामावर असायची. ओट्याला लागून एक स्टूल आहे, त्यावर उभी. मी तिला मुकादम म्हणायचे. वाटाणे सोलणं, केळी कुस्करणं, अंडं फोडणं तिच्याकडे, आणि कवचाचा तुकडा आत पडला तर तो शोधणंही तिच्याकडेच. मीठ मी घालायचे, पण पुरे की नाही ते ती ठरवायची. मुकादमाने चव बघून मान हलवल्याशिवाय आमच्याकडे पातेलं खाली उतरत नसे. कधी म्हणायची, अजून कच्चं आहे, चालवून घेणार नाही. शेजारच्या काकू एकदा न विचारता चमचा घालायला गेल्या, तर त्यांना म्हणाली की थांबा, अजून पास झालेलं नाही.

हे मी तुला लिहिलं नाही, कारण ते सूपात पडत नाही. त्याला स्वयंपाक म्हणायचं हे मला सुचलंच नाही. आणि तू तिला भाजेल म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवतेस, ते मायेपोटीच. पण तिच्यापुढे येतं ते दुसऱ्यांनी उरकलेलं काम. त्यात तिचं काही नसतं.

एक भक्कम स्टूल घे. तिला शिजतं सूप चाखायला दे, चव अजून बसलेली नसेल तेव्हाच दे. आणि ती मीठ कमी म्हणाली तर तुझा वजनकाटा गप्प बसव.

गादी मी परत माळ्यावर ठेवली आहे.

तुझी,
ताई

ता. १९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी माझ्या त्या पत्राबद्दल. ते फाडून टाक, मोठी आहेस.

स्टूल आणलं. पहिल्या दिवशी ती त्याच्याकडे नुसतं बघत राहिली. मी सूपाचा चमचा बशीत काढून कडेला ठेवला आणि पाठ वळवून कांदा चिरत बसले. बऱ्याच वेळाने स्टूल सरकल्याचा आवाज आला. तिने चाखलं आणि मला सांगितलं की हे पांचट आहे. ताई, मला इतका आनंद झाला की मी डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. मीठ घातलं. तिने पुन्हा चाखलं. अजून घाल म्हणाली. मग मान हलवली.

त्या दिवशी तिने पूर्ण वाटी संपवली.

आता घरात तिचंच राज्य आहे. बाबांनी ड्युटीवरून आल्यावर पातेल्याचं झाकण उचललं तर त्यांना आधी हात धुवायला पाठवलं. ते म्हणतात की डेपोतला साहेब परवडला. पाव भाजायच्या आधी पिठावर सुरीने रेघ ती ओढते, तिचा हात धरून मी. भीती अजून वाटते. पण मी आता जवळ उभी असते.

आणि मंगळवारी मी बाहेरच्या खोलीत तिच्या शाळेच्या फ्रॉकला बटण लावत होते. भात गॅसवर होता, ती स्टुलावर पहारा देत होती. आतून तिचा आवाज आला, चांगला खणखणीत, रागावलेला. आई, खाली लागतंय, ये ना लवकर.

मी गेले, गॅस बंद केला. तिच्या काही लक्षातही आलं नाही. ती मला ओरडत होती. भात करपला होता, आम्ही तो तसाच खाल्ला.

बाई म्हणाल्या की आता पाठवायचा विषय नको. फक्त तू यायचं नाही, फोन करायचा नाही ही सत्र संपेपर्यंतची अट होती, ती त्यांनी शाळेचं वर्ष संपेपर्यंत वाढवायला सांगितली आहे. घडी आत्ता कुठे बसते आहे म्हणतात. मला त्यांचं पटलं. तुला हे लिहिताना हात जड होतो.

तुझ्या आशीर्वादाची सदैव भुकेली,
धाकटी

ता. २६ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. करपलेल्या भाताचा भाग जास्त वेळा. इतका गोड करपलेला भात मी आजवर ऐकला नव्हता.

वर्ष संपेपर्यंतची अट मला मान्य आहे. बाई शहाण्या आहेत. थंडी पडली की सफरचंदं भाजून बघ. देठाकडून कोरून आत साखर आणि लोणी भरायचं आणि ओव्हनमध्ये ठेवून विसरून जायचं. कोरायचं काम तुझं, भरायचं तिचं. साखर ती जास्त भरेल, भरू दे.

मी बरी आहे. शाळांच्या गणवेशाचं काम पुष्कळ आलं आहे. एकटीसाठी सूप करायचा कंटाळा येतो, तेव्हा पाव आणि अंड्यावर भागवते. त्याची काळजी करू नकोस, मी पहिल्यापासून आळशीच.

एक मागणं आहे. एखाद्या संध्याकाळी तुम्ही दोघी स्वयंपाक करत असाल तेव्हा मला फोन लाव आणि तो फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून दे. मी एक अक्षर बोलणार नाही, खोकणारसुद्धा नाही, मशीन बंद ठेवीन. तिला कळणार नाही. ती तुला ओरडते ते मला एकदा ऐकायचं आहे. भात शिजेपर्यंतच. तू नाही म्हणशील, आणि तुझं बरोबर असेल, हे मला लिहितानाच माहीत आहे. तरी विचारते.

तुझी,
ताई