दोरीला टांगलेला चेंडू

न्यूयॉर्क, फेब्रुवारी १८८८

प्रिय लॅव्हिनिया, आशीर्वाद.

तुझा ऑरिन नीट जेवतो. तुझा खोकला कसा आहे?

सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची चित्रे घालतात, त्यासाठी काल त्याला फोटोवाल्याकडे नेले. मागे रंगवलेले मैदान, वरून दोरीला टांगलेला चेंडू.

“पकड की, गड्या!” फोटोवाला म्हणाला. पण मागच्या मोसमात मोडलेली बोटे मिटेनात.

“मग चेंडू वीतभर वर बांधतो. आता झेल घेणारच, असं दिसेल.”

ऑरिन हसला. “मावशी, हा तरी माझ्या हातून सुटणार नाही!”

चित्र देखणे येईल.

बोटे कायमची गेली, असे डॉक्टर मला म्हणाले. ऑरिनला मी सांगितलेले नाही. तुमच्या गिरणीत एका हाताने होणारे काम मिळेल का?

तुझी ताई,
थिओडोशिया