जेवायला बोलावणारी शिट्टी

बाबा, काल शेजारच्या हळदीत माइकने शिट्टी मारली आणि कपाटात तुझा मनगटाचा पट्टा थरथरला. दोनदा लांब, एकदा आखूड. म्हणजे, जेवायला ये. आई भाकरी थापत होती. तिने मान वर केली आणि पुन्हा थापायला लागली. मला मात्र तुझा राग आला. तू गेल्यावरही येतो. जिवंतपणी सांगितलेलं तुला ऐकू आलं नाही आणि ऐकू येत नाही हे तू कधी कबूल केलं नाहीस.

पनवेलपासून उरणपर्यंत गावोगावच्या हळदी वाजवून तू घर चालवलंस. पुरुषभर उंचीचे ते स्पीकरचे बॉक्स आणि त्यांच्या तोंडाशी रात्र रात्र उभा असलेला तू. कान जाणारच होते. पण विचारलं की म्हणायचास, "मी बहिरा नाय हाय. लोकंच हल्ली हलू बोलतान." मी तेव्हा खारघरच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. म्हटलं, बापाशी भांडण्यापेक्षा काहीतरी करून दाखवू. मनगटाच्या पट्ट्यात एक बारकी चिप, एक बारका माइक आणि जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर बसवली. फोनवरून ठरलेला सूर वाजवला की चिप तो ओळखणार आणि मोटर थरथरणार. एक सूर जेवायला ये, दुसरा दारात कोणीतरी आलंय, तिसरा बाजूला हो. सूर साऱ्या घराला ऐकू जायचे, ज्याच्यासाठी होते तो सोडून. आई वैतागायची, "ह्यो किडा कवा गप व्हनार गो?"

त्या चिपमध्ये कोडसुद्धा आवाजातूनच जायचा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात वायर लावायची, कोडची खरखर वाजवायची, चिप ती ऐकून लिहून घ्यायची. पहिल्या दिवशी काही केल्या जाईना. आपल्या घरची सवय, ऐकू जात नसेल तर बटण वर. मी आवाज फुल केला, तो फाटला आणि चिपला काही म्हणता काही कळेना. कंटाळून निम्म्यावर आणला तर पहिल्या फटक्यात गेला. तू शेजारी बसून बघत होतास. म्हणालास, "मना पन ऐकव." मी ती वायर तुझ्या एका बॉक्सला जोडली. तू स्पीकरच्या कागदावर तळहात ठेवतोस, डोळे मिटतोस.

"काय बोलतंय?"

"तुला जेवायला बोलावतंय."

"मंग जोरान बोलाव की गो!"

दोघंही हसलो. त्या पट्ट्यापायी आपण हसलो ते तेवढंच.

उलव्याच्या हळदीला तू तो घालून गेलास, मी सोबत होते. माइक बॉक्ससमोर आला की जी शिट्टी वाजते, तिचा सूर आणि माझा जेवणाचा सूर जवळपास एकच निघाला. साऊंडवाल्याच्या मुलीला हे आधी सुचू नये! शिट्टी वाजली, पट्टा थरथरला, तू मंडपामागे जेवायला गेलास. पंगत मांडलीच नव्हती. परत आलास, पुन्हा शिट्टी, पुन्हा गेलास. नवरीचा मामा माइकवरून ओरडला, "आरं, साऊंडवाल्याला भूक लागली हाय, वाढा त्याला!" सगळा मांडव हसला. तुला शब्द ऐकू आले नाहीत, हसणारी तोंडं दिसली. घरी येऊन पट्टा काढलास आणि कपाटात टाकलास. "बहिऱ्याला हलदीची ऑर्डर कोन देल?" तो शब्द तू स्वतःसाठी वापरलास तो तेव्हाच.

मी कोड सुधारला. सुराच्या आधी ठरावीक टिचक्या ऐकू आल्या तरच चिप लक्ष देणार, शिट्टीला फसणार नाही. तुला सांगायला आले तर तू वायर गुंडाळत राहिलास. पट्टा पुन्हा हातात घेतला नाहीस.

पुढच्या लग्नसराईत, भर दुपारी, असाच वायर गुंडाळत तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास आणि बॉक्स उतरवून झालेला टेम्पो मागे येत होता. ड्रायव्हरला तू दिसत नव्हतास. पट्टा हातात असता तरी तिसरा सूर वाजवायला तिथे कोण होतं, एवढं मला कळतं. पण मांडवातली माणसं होती ना, बाबा. ती ओरडली. तू हलला नाहीस म्हणून अजून जोरात ओरडली. तुला ऐकू येत नाही हे त्यांच्यातल्या एकाला जरी ठाऊक असतं, तरी त्याने ओरडणं सोडून तुला हाताला धरून ओढलं असतं. ते तू कोणाला कळू दिलं नव्हतंस. मला राग येतो तो ह्याचा.

सुधारलेला कोड अजून लॅपटॉपमध्येच आहे, पट्ट्यात कधी घातलाच नाही. वायरही आहे. काल भाकऱ्या झाल्यावर आई म्हणाली, "नीट कर नायतर बॅटरी काढून टाक त्याची. कोनाला जेवाया बोलावतंय त्या?" मी हो म्हटलं.

हे पत्र तुला कुठून मिळणार, म्हणून सांगते. बॅटरी कधीच संपली असती. ती मीच चार्ज करून ठेवते.