बारशाआधीची सात

चंद्रपूर, दि. ३ ऑक्टोबर २०२४

ती. मोठेबाबांस मंजुषाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ यापलीकडे बोलत नाही, म्हणून पत्र. आरोग्य कचेरीत मला नवे काम मिळाले आहे. मूल तालुक्यातील तीन गावांना नवजात बाळांसाठी कायमची नर्स द्यायची आहे. पाच वर्षांत जिथे अधिक बाळे दगावली, ती गावे आकड्यांवरून मी सुचवायची. आपल्या गावापुढे शून्य! साहेबांनी कौतुक केले, मीही मिरवून घेतले. नर्स अर्थातच आपल्याकडे येणार नाही.

गावच्या आशा सेविका नीलाबाईंच्या जन्म-मृत्यूच्या वहीची सुवाच्य प्रत तुम्हीच करता ना? मग ही पुण्याई तुमच्या पोथीची की अक्षराची, ते कळवा. त्यांच्या सुनेला, रीनाला, सातवा महिना लागला म्हणे. तिला जपून राहा म्हणावे.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर टाळू नका.

तुमची,
मंजू

गावाहून, दि. ९ ऑक्टोबर

॥ श्री ॥

चि. मंजुषा हिस अनेक शुभाशीर्वाद.

पत्र पावले. कौतुकाचा विषय वाढवू नये. गावावर ईश्वरकृपा आहे, इतकेच. धान निसवून लोंब्या आल्या आहेत. दिवाळीस यावे. नर्स मात्र आपल्या गावास देता आली तर पाहावे. कारण विचारू नकोस.

तुझा,
खुशाल मोठेबाबा

चंद्रपूर, दि. १४ ऑक्टोबर

ती. मोठेबाबांस शि. सा. न. वि. वि.

‘कारण विचारू नकोस’ हे तुम्ही वर्गात कुणाचे ऐकून घेतले नसते. म्हणून मी आकडे पुन्हा मांडले. दवाखान्याच्या नोंदीत आपल्या गावचे जन्म त्रेसष्ट. दीड महिन्याच्या लशीला आलेली बाळे छप्पन्न. गाव सोडून गेलेले कुटुंब एकही नाही. मग सात बाळे कुठे आहेत?

ती दगावली असतील, तर आपले गाव यादीत पहिले येते. अठ्ठावीस तारखेची बैठक शेवटची. त्याआधी तारखा हव्यात, आणि नोंद का झाली नाही याचे, लिहिणाऱ्याच्या सहीचे निवेदन. ते सर्वांपुढे वाचले जाईल. हे तुम्हालाच लिहावे लागते आहे, याचे वाईट वाटते.

माया पातळ झाली असे समजू नये.

मंजू

दि. २१ ऑक्टोबर

॥ श्री ॥

चि. मंजुषा हिस आशीर्वाद.

सातही दगावली. वहीतले शून्य कशाने आले, ते तुझ्या पहिल्याच पत्राने माझ्या ध्यानी आले होते. उत्तरात मी ईश्वरकृपेआड लपलो. देवाचे नाव इतक्या हलक्या कामास मी पूर्वी कधी लावले नव्हते.

नामकरणापूर्वी गेलेल्या बालकाचे सुतक केवळ स्नानाने फिटते, असे स्मृतिकार सांगतात. ते आईबापांचा भार उतरावा म्हणून. मी ते वचन वहीपर्यंत ताणले. ज्याचे बारसे नाही त्याची ओळ कसली, असे नीलाबाईस बजावले. चाळीस वर्षे मुलांना अन्वय शिकवला, आणि माझाच चुकला.

काल तिच्याकडे गेलो. ती म्हणाली की गुरुजी, मी तं तवाच लेहा म्हटलं होतं, तुमीच म्हणे का बारसं झालं नाई तं लेहाचं कायले. त्या सातांतली दोन तिच्या रीनाची. माझ्या शब्दाखातर आजीने नातवंडांची ओळ सोडली होती. मी क्षमा मागू लागलो, तेव्हा तिने पाट पुढे सरकवला आणि सुनावले की रीनाले आठवा लागून राह्यला, माफी मंग मागा, आधी कागद लेहा.

नंतर उरलेली पाच घरे फिरलो. मी तारीख विचारी, आणि प्रत्येक आई आधी नाव सांगे. पाळणा बांधला नव्हता, कानात कुणी सांगितले नव्हते, तरी नाव ठरलेले होते. बिननावाची ती फक्त माझ्या लेखी होती.

निवेदन सोबत आहे. सहीपुढे ‘गुरुजी’ लिहिलेले नाही. बैठकीत ते तूच वाच, आणि माझ्यासाठी एकही शब्द मऊ करू नकोस. तुमच्या तक्त्यात नावाचा रकाना नाही, म्हणून सातही नावे समासात लिहिली आहेत. कुणी खोडू पाहील, तर खोडू देऊ नकोस.

लोभ मागण्यास तोंड नाही. राहिला असेल तो रीनाच्या घराकडे वळवावा.

खुशाल