सरळ शेंगांचा मळा

चि. धाकटीस, थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे दिवसभर कुरकुरतात, आणि घरात माझं कोणी ऐकत नसल्यामुळे मीच त्यांचं ऐकत बसते. (पत्र सूनबाई लिहितेय. अक्षर तिचं, अक्कल माझी.)

तर आपला सगळा मळा आता परदेशी जातो. घेवड्याची शेंग वीतभर, सरळ, कोवळी हवी. आत दाणा भरला की बाद. कंपनीचा माणूस पट्टी घेऊन येतो आणि मुलगी बघायला आल्यासारखा शेंगा न्याहाळतो. कुंपणात दुसऱ्या जातीचा वेल नको म्हणाला, तेव्हा आईने आपल्या दोघींना दिलेला वेल मी माझ्या हाताने उपटला. तू म्हणालीस, ताई, घरापुरता कोपरा तरी ठेव. मी म्हणाले, तू बस कोपऱ्यात, आमचा माल विमानात बसतो! जिभेला हाड नसतं, ते असं.

गेल्या आठवड्यात निवडायला बाया कमी पडल्या, म्हणून मला टेबलाशी बसवलं. डोक्याला टोपी, हातात मोजे; आरशात बघून मीच दचकले. आता परक्याला द्यायचं तर चांगलंच द्यावं ना? मी भरल्या दाण्याच्या जाडजूड शेंगा वेचून खोक्यांत घातल्या आणि त्या सरळसोट काड्या म्हशीपुढे टाकल्या. चाळीस खोकी गेली तशी परत आली. लेकाने ती एकेक करून स्वतःच उतरवली. त्यापेक्षा माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

परत आलेल्या शेंगा आम्ही चार दिवस खाल्ल्या. चव म्हणून नाही गं. नात मात्र मिटक्या मारत होती. तिने दुसरी शेंग चाखलीच नाही कधी. मी माझ्या ताटातल्याही तिच्याकडे सरकवल्या.

बाकी सगळं झकास. मला काही नको.

तुझी ताई

ता.क. आईच्या वेलाचं मूठभर बी असेल तर दे. तुझी मूठ चिमुकली, भावजींच्या मुठीने मोज.

ता.क. (सूनबाईकडून) मावशी, सासूबाईंनी मागच्या दारी आळं खणून मांडवही उभा केलाय, आणि कंपनीच्या माणसाला सांगितलंय की तो कपडे वाळत घालायला आहे. तो रोज येऊन बघतो, म्हणून मला रोज कपडे धुवावे लागतात. बी लवकर पाठवा. घरात मळलेलं काही उरलं नाही.