उठला तो संपला

सोमवार, ३ जून
लागली बाबा एकदाची नोकरी! विमा कंपनीत दाव्यांचे अर्ज तपासायचे. बायकोला नववा लागलाय आणि बाळंतपणाचा खर्च कंपनी करणार, त्यामुळे ही नोकरी टिकायलाच हवी. जागा झकास आहे. मोठी खिडकी, चहा टेबलावर येतो, खुर्ची गुबगुबीत. सकाळी सफाईवाल्या मावशी तीच खुर्ची पात्यानं खरवडत होत्या. कुणीतरी च्युइंगम चिकटवलं असणार. घाणेरडे लेकाचे!

बुधवार, ५ जून
शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, कपात येतेय. साहेब केव्हाही फेरी मारतात आणि ज्याची खुर्ची रिकामी दिसेल त्याला घरी पाठवतात. म्हणून इथं कुणी उठतच नाही. मला हसूच आलं. मग काकांच्या टेबलाखालची बाटली दिसली. पिवळी, अर्धी भरलेली. चहाचा कप लांब सरकवला.

सोमवार, १० जून
अडला हरी... मीही बाटली आणलीय. शी! सगळ्या मजल्यावर आंबलेल्या मोज्यांचा वास मारतोय. पण काम धडाक्यात चाललंय. साहेबांनी पाठ थोपटली.

गुरुवार, १३ जून
आता रात्रीही फेऱ्या असतात. घरी गेलोच नाही.
समोरच्या बाई लेकाला ताप आला म्हणून उठल्या. चर्र आवाज झाला. वाटलं, कपडा फाटला. खुर्चीवर कपडा होताच, आणि त्याखाली गुलाबी, ओलं, बारीक केसांचं — बाई ओरडल्यासुद्धा नाहीत. साहेबांना सॉरी म्हणाल्या. मावशी पातं घेऊन आल्या.
म्हणजे माझ्या खुर्चीवरचं ते च्युइंगम —
कीबोर्डवरच ओकलो. पुसला. पुढचा अर्ज घेतला.

शनिवार, १५ जून
मांड्यांना खाज सुटलीय. चाचपून पाहिलं. विजार कुठं संपते, गादी कुठं सुरू होते, कळेना. बोट आत गेलं. कोमट लागलं. काका म्हणाले, सुरुवातीला किळस येते, मग सवय होते.

सोमवार, १७ जून
साहेब म्हणाले, माझी नोकरी पक्की. वाचलो!
सासूबाईंचा फोन. कळा सुरू झाल्यात. बायको माझ्याच नावानं टाहो फोडतेय. निघालोच म्हणालो.
उठतोय. आई गं —
एक मांडी सुटली. खाली काय लोंबतंय ते बघवत नाही. काका मान हलवून नको नको म्हणतायत —
साहेब दारात.
बसलो परत. ते जाईपर्यंतच. लगेच उठतो —
फोन वाजतोय. घ्यायचाय. पण हात टेबलावरून